साधं दुःख चालत नाही

नमस्कार श्रोतेहो.

आपल्याकडे एक समज अगदी घट्ट बसला आहे. कसंही करून अमेरिका गाठायची, तिथल्या नागरिक मुलीशी नाहीतर मुलाशी लग्न करायचं, की ग्रीन कार्ड खिशात. त्यात मूल झालं म्हणजे तर विचारूच नका. मूल जन्मानंच अमेरिकन, मग त्याच्या आई-बापांना हात कोण लावणार? खुद्द अमेरिकेतही असं मानणारे पुष्कळ आहेत. ज्यांना हे परके लोक देशात नको आहेत, त्यांचा रागही याच समजावर उभा आहे. मुलाचा नांगर टाकून आई-बाप आपली होडी इथे बांधून ठेवतात, असं ते म्हणतात.

हा समज निम्मा खरा आहे. उरलेल्या निम्म्यात लाखो घरं अडकलेली आहेत, आणि आज मला त्यांच्याविषयी बोलायचं आहे.

आधीच एक सांगून ठेवतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमृतसरला उतरलेलं ते लष्करी विमान, आणि त्यातले बेड्या घातलेले १०४ भारतीय, तुमच्या डोळ्यांसमोर असतील. ते बहुतेक नुकतेच सीमा ओलांडून गेलेले लोक होते. मी बोलतोय ते पंधरा-वीस वर्षं तिथे राहिलेल्यांबद्दल. त्यांच्याकडे घर आहे, संसार आहे, मुलांच्या शाळेच्या फिया आणि दाताच्या डॉक्टरची बिलं आहेत. नाही तो फक्त राहण्याच्या परवान्याचा कागद. बायको नागरिक, मुलं नागरिक, आणि घरातला एकच माणूस बिनकागदाचा.

मुलाचं नागरिकत्व पक्कं, असंच कायदा सव्वाशे वर्षं मानत आला आहे. १८६८ सालच्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं ते दिलं, आणि १८९८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आई-बापांच्या पोटी जन्मलेल्या एका तरुणाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्का मारला. पण मुलाचं नागरिकत्व आई-बापांकडे उलटं वाहत नाही. मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत त्याला आई-बापांसाठी साधा अर्जसुद्धा करता येत नाही. अशी अठरा वर्षांखालची, अमेरिकेत जन्मलेली आणि आई किंवा बाप बिनकागदाचे असलेली मुलं चाळीस लाखांहून जास्त आहेत. हा नांगर असेल, तर त्याला एकवीस वर्षांत दोर लागत नाही.

आता लग्नाचं बघू. समजा, एकाच इमारतीच्या कामावर दोन गवंडी आहेत. दोघांच्या बायका अमेरिकन नागरिक, दोघांना दोन-दोन मुलं, दोघंही पंधरा वर्षं तिथे. एक विमानानं आला होता, पर्यटकाच्या व्हिसावर. विमानतळावर अधिकाऱ्यानं पासपोर्टवर शिक्का मारला, मुदत संपली आणि गडी राहून गेला. दुसरा ॲरिझोनाच्या वाळवंटातून रात्री पायी आला. पहिला बायकोमार्फत अर्ज करतो, फी भरतो, मुलाखत देतो, आणि बाकी काही भानगड नसेल तर देशात बसल्या बसल्या त्याला ग्रीन कार्ड मिळतं. पंधरा वर्षं विनापरवाना राहिला, तेही माफ. दुसऱ्याला कायदा म्हणतो, तुझा रीतसर प्रवेशच झालेला नाही. तू बाहेर जा, आपल्या देशातल्या वकिलातीतून व्हिसा घे आणि मग ये.

बरं, जातो म्हणाला. मेक्सिकन माणसाला त्यासाठी सिउदाद ह्वारेझला जावं लागतं. नदीच्या पलीकडे टेक्सासमधलं एल पासो दिसतं, इतकं जवळ. पण त्यानं सीमेबाहेर पाऊल टाकलं रे टाकलं की १९९६ चा कायदा त्याच्या मागे दार लावून घेतो. क्लिंटन यांनी सही केलेला हा कायदा. सहा महिन्यांहून जास्त पण वर्षाच्या आत विनापरवाना राहिलात, तर तीन वर्षं परतबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिलात, तर दहा वर्षं. गंमत पाहा, आत बसून राहिलं तर ही बंदी लागू होत नाही. कायदा पाळून रीतसर व्हिसा घ्यायला बाहेर पडलं, की ती लागते.

चोरून सीमा ओलांडणं हा गुन्हा आहे, मान्य. पहिल्या खेपेला त्याची कमाल शिक्षा सहा महिने कैद. म्हणजे गुन्ह्याला सहा महिने, आणि कागद नीट करायला निघाल्याबद्दल दहा वर्षं.

‘रांगेत उभे राहा ना,’ असं लोक म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांचं मला पटतंही. बाहेर कित्येक माणसं नियम पाळून वर्षानुवर्षं थांबलेली आहेत. भावंडांसाठी केलेल्या अर्जांना तर वीस-वीस वर्षं लागतात. पण नागरिकाच्या नवऱ्याला किंवा बायकोला मुळात रांगच नाही. त्यांच्या व्हिसांवर संख्येची मर्यादा नाही. म्हणजे हा गवंडी खिडकीसमोर पहिला उभा आहे, फक्त खिडकीपर्यंत जायच्या वाटेवर त्याच्यासाठी खड्डा खणून ठेवला आहे. एके काळी त्यावर फळीही होती. हजार डॉलर दंड भरा आणि इथेच कागद करून घ्या, अशी तरतूद होती. पण ३० एप्रिल २००१ पर्यंत ज्यांच्यासाठी अर्ज दाखल झाले, त्यांनाच ती मिळते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ज्याच्या भावानं अर्ज टाकला तो सुटला, ज्याच्या भावानं दुसऱ्या दिवशी टाकला तो अजून अडकलेला आहे.

मग माफी नाही का? आहे. आणि तिथेच कायद्याचं मन नीट दिसतं.

दहा वर्षांच्या बंदीतून माफी हवी असेल तर सिद्ध करावं लागतं की तुमच्या जाण्यानं नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या जोडीदाराला, नाहीतर आई-बापांना, पराकोटीचा त्रास होईल. जोडीदाराला किंवा आई-बापांना. या यादीत मूल नाही. मुलाचे हाल सांगायचेच असतील तर ते बायकोच्या हालांत बसवून सांगायचे: मूल झोपत नाही म्हणून आई झोपत नाही, आणि आई झोपत नाही म्हणून तिची नोकरी जाईल. वकील असंच लिहितात, कारण दुसरी सोय नाही.

दुसरी वाट कोर्टातली. हद्दपारीचा खटला सुरू झाला की न्यायाधीशाकडे ती रद्द करायला मागता येते. त्यासाठी दहा वर्षांचा सलग मुक्काम लागतो, चालचलणूक चांगली लागते, आणि जोडीदार, आई-बाप किंवा मूल यांच्यापैकी कुणा नागरिकाला किंवा ग्रीन कार्डवाल्याला ‘अपवादात्मक आणि अत्यंत असामान्य’ त्रास होणार, हे दाखवावं लागतं. इथे मूल धरतात. पण कसोटी ऐका. १९९६ च्या आधी सात वर्षांचा मुक्काम आणि पराकोटीचा त्रास पुरत असे, आणि अर्जदाराचा स्वतःचा त्रासही मोजला जाई. नव्या शब्दांचा अर्थ हद्दपारीच्या खटल्यांवरची अपिलं ऐकणाऱ्या मंडळानं २००१ मध्ये लावला. चौदाव्या वर्षी मेक्सिकोतून आलेला, वीस वर्षं राहिलेला, तीन अमेरिकन मुलांचा बाप समोर होता. मंडळानं ठरवलं की जवळचं माणूस देशाबाहेर गेल्यावर कुटुंबाला जो त्रास होणारच, त्याच्या पुष्कळ पलीकडचा त्रास असायला हवा. हा तेवढा नाही. अर्ज फेटाळला.

जरा थांबून विचार करा. बाप गेला म्हणून मूल रडतं, अभ्यासात मागे पडतं, आई दोन नोकऱ्या करते, घर सोडावं लागतं. हे सगळं ‘होणारच’ या खात्यात जातं, आणि म्हणून त्याची किंमत शून्य. दुःख खोटं आहे असं कुणी म्हणत नाही. ते सर्वांचंच आहे, म्हणून चालत नाही, इतकंच.

पुढल्याच वर्षी, २००२ मध्ये, मंडळापुढे दोन आया आल्या. एक अविवाहित, दोन अमेरिकन मुलांची आई. तिला नकार मिळाला. दुसरी सहा मुलांची एकटी आई, त्यातली चार अमेरिकन, आणि मेक्सिकोत तिचं कुणीही उरलेलं नव्हतं, तिला होकार. दोन मुलं कमी पडली, सहा पुरली. मंडळाचा हिशेब इतका भोळा नव्हता, हे मलाही कळतं. पण त्या पहिल्या आईला तो घरी जाऊन मुलांना कसा समजावता आला असेल?

त्यामुळे या वकिलांच्या फायली पाहण्यासारख्या असतात. मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल, शाळेचं पत्र, चर्चमधल्या लोकांची पत्रं, दहा वर्षांची विजेची बिलं, वाढदिवसांचे फोटो. मुलाला दमा असेल, वाचादोष असेल, स्वमग्नता असेल, तर त्या घरात एक विचित्र हायसं वाटतं. निरोगी, हुशार, शाळेत रमलेलं मूल या फायलीत उपयोगाचं नाही. आपल्या मुलाच्या दुखण्याचे कागद मनापासून जमवणारे आई-बाप मला दुसरीकडे कुठे ठाऊक नाहीत. आणि दमाही पुरतोच असं नाही. त्रिनिदादहून आलेल्या एका बापाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि मार्च २०२४ मध्ये त्याचा निकाल लागला. त्याच्या मुलाला तीव्र दमा होता आणि न्यायाधीशानं तेवढं पुरेसं मानलं नव्हतं. अशा निर्णयांवर वरची न्यायालयं विचार करू शकतात, एवढं त्यात मिळालं. कसोटी होती तीच राहिली.

शिवाय या कसोटीला उतरलेल्यांना वर्षाला फक्त चार हजार जागा. कोटा भरला की जिंकलेल्या माणसानंही निकालाची वाट पाहायची. हद्दपारीच्या खटल्यातला न्यायाधीश न्यायव्यवस्थेचा नसतो, सरकारच्या न्याय खात्याचा नोकर असतो. वकील परवडत नसेल तर सरकार देत नाही, कारण हा फौजदारी खटला नाही. हद्दपारी ही शिक्षाच नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयानं १८९३ मध्येच सांगून ठेवलं आहे.

कागदावर शिक्षा नसलेली ही गोष्ट घरात कशी दिसते? ७ ऑगस्ट २०१९. मिसिसिपीतल्या कोंबडीच्या मांसाच्या कारखान्यांवर धाडी पडल्या आणि एका दिवसात सुमारे ६८० कामगार धरले गेले. तिथल्या कित्येक मुलांचा तो शाळेचा पहिला दिवस होता. नवी दप्तरं घेऊन मुलं घरी आली तेव्हा दाराला कुलूप. काहींना शेजाऱ्यांनी नेलं, काहींना तात्पुरतं एका व्यायामशाळेत ठेवलं.

आणि बाप गेल्यानंतर? समजा, आईनं ठरवलं की सुट्टीत मुलांना बापाकडे नेऊन आणू. सोळा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट काढायचा तर अमेरिकेत दोन्ही पालकांची संमती लागते. म्हणजे ज्याला सरकारनं देशाबाहेर घालवलं, त्याच्याच सहीचा, नोटरी केलेला कागद त्याच सरकारला हवा असतो. तो माणूस मग तिकडे अमेरिकन वकिलातीच्या रांगेत उभा राहतो आणि आपल्या मुलाला पासपोर्ट द्यायला आपली संमती आहे असं लिहून देतो.

बायका नवऱ्यामागे जातात, मुलं घेऊन. घरात स्पॅनिश बोलणारी पण लिहिता न येणारी ती मुलं मेक्सिकोच्या शाळेत ‘ग्रिंगो’, म्हणजे परके अमेरिकन, म्हणून ओळखली जातात. जे बाप मागे राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा चोरून सीमा ओलांडतात, त्यांची गत सगळ्यांत वाईट. हद्दपारीनंतर असं परत येणं हा मोठा गुन्हा, आणि वर कायमची बंदी. दहा वर्षं बाहेर काढल्यावर फक्त परवानगी ‘मागता’ येते. जो बाप शांतपणे दूर राहिला त्याच्यापेक्षा जो राहू शकला नाही त्याला कायदा जास्त झोडपतो.

यावर इलाज करायचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. ओबामांनी २०१४ मध्ये नागरिक मुलांच्या आई-बापांसाठी योजना आणली. ती सुरू होण्याआधीच अडली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात चार विरुद्ध चार अशी अडकून संपली. मग १८ जून २०२४ ला बायडेन यांनी नागरिकांच्या जोडीदारांसाठी योजना जाहीर केली. अंदाज होता पाच लाख लोकांचा. त्यानंतर तिसऱ्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयानं एका वेगळ्या प्रकरणात निकाल दिला की परदेशी जोडीदाराला देशात येऊ द्यावं, असा नागरिकाला काही मूलभूत हक्क नाही. लग्नाचा हक्क आहे. पण लग्न झाल्यावर एका देशात राहण्याचा नाही. बायडेन यांच्या योजनेचे अर्ज १९ ऑगस्टला सुरू झाले, आठवडाभरात टेक्सासच्या न्यायालयानं ती थांबवली आणि नोव्हेंबरमध्ये, अध्यक्षपदाच्या निवडणुकीनंतर दोनच दिवसांनी, रद्द केली. त्या एका आठवड्यात ज्यांनी ५८० डॉलर भरून अर्ज केले, त्यांनी सरकारला आपला राहता पत्ता स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

देशानं सीमा राखू नये असं मी म्हणत नाही. सीमा राखणं वेगळं, आणि वीस वर्षांनी घरात शिरून दुःखाची मोजणी करणं वेगळं.

त्या दुसऱ्या गवंड्याचा हिशेब तेवढा पुरा करतो. बायकोच्या नावावर माफी मिळाली नाही, असं धरू. मुलगा सात वर्षांचा आहे. तो एकवीसचा होईल तेव्हा बापासाठी अर्ज करेल, म्हणजे आणखी चौदा वर्षं. अर्ज मंजूर झाला की बाप ह्वारेझला जाईल, आणि गेल्या क्षणी दहा वर्षांची बंदी सुरू. ती उठवायला मुलानं आपला त्रास दाखवला तर तो धरत नाहीत, कारण माफीच्या यादीत मूल नाही. दहा वर्षं सरतील तेव्हा मुलगा एकतीसचा, आणि बाप, आज चाळिशीचा असेल तर, चौसष्ट वर्षांचा.

नमस्कार.