खाण्याचं तेल इंजिनात : चालतं, पण किती दिवस?

मंडळी, बोर्डावरचा विषय वाचून जे हसत हसत आत आले त्यांचं विशेष स्वागत. गाडीच्या इंजिनात ऑइलच्या जागी सूर्यफुलाचं तेल ओतलं तर काय होईल, हाच विषय आहे. गॅरेजवर पोरं येऊन मोबाईल दाखवतात, काका हे बघा, याने अख्खा कॅन ओतला नि गाडी पळाली. पळणारच की! माझी तक्रार वेगळी आहे, तो व्हिडिओ दहा मिनिटांत संपतो, बोनेट खाली, लाईक करा, आणि मग महिन्याभराने त्याच गाडीचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवून कुणी म्हणजे कुणी दाखवत नाही. तर माझं म्हणणं असं की खाण्याचं तेल घसरडेपणात कमी पडत नाही, ते मारतं दुसऱ्याच कारणाने. ते कारण सांगतोच, पण आधी एरंडेल, त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

साठीच्या पुढचे किती जण आहेत? हां, चेहऱ्यावरूनच कळलं, एरंडेल म्हटल्याबरोबर तोंड वाकडं झालं. सुट्टीच्या दिवशी सकाळी आजी नाक दाबून पाजायची नि मग दिवसभर परसाकडच्या फेऱ्या. आता पहिल्या महायुद्धातली विमानं घ्या, सॉपविथ कॅमल वगैरे. त्यांची रोटरी इंजिनं म्हणजे अजब प्रकार, क्रँक, म्हणजे एरवी इंजिनात फिरणारा दांडा, तो विमानाला घट्ट बसवलेला आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट गरागरा फिरतात. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण क्रँककेसमधूनच, म्हणजे क्रँकभोवतीच्या पेटीतूनच, वर जायचं, म्हणजे साधं खनिज तेल घातलं तर पेट्रोल त्याला धुऊन नेणार. एरंडेल पेट्रोलमध्ये सहज विरघळत नाही, म्हणून तेच घालायचे. आणि ते परत टाकीत यायचं नाही बरं का, वापरलं की एक्झॉस्टमधून बाहेर, तासाला काही लिटर. मागे उघड्यावर पायलट बसलेला, ना काच ना दार, तो वाफारा थेट तोंडावर. पुढचं सांगायला नको! शत्रूच्या गोळ्या एकीकडे आणि पोट दुसरीकडे. आपल्या आज्या हे फुकटात करत होत्या.

हसा, पण पुढचं ऐका. १९०९ मध्ये इंग्लंडात वेकफिल्डच्या कंपनीने एरंडेल घातलेलं ऑइल काढलं, तेच कॅस्ट्रॉल. रेसिंगवाले पुढे कित्येक वर्षं एरंडेलावर गाड्या पळवत होते, आणि रिमोटच्या छोट्या विमानांच्या इंधनात ते आजही असतं. आणि जगात सगळ्यात जास्त एरंडी पिकते आपल्या शेजारी, गुजरातेत. तेव्हा "वनस्पतीचं तेल इंजिनात? छे!" असं नाक मुरडायचं कारण नाही. (रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चाललं होतं, हे दरवेळी कुणीतरी उठून सांगतं. बरोबर आहे, पण ते जाळायला होतं, वंगणाला नाही. ते व्याख्यान वेगळं, बोलवा, येतो.)

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट केलंय. मूळ मुद्दा राहिलाच, पटापट सांगतो.

वनस्पती तेलाचा रेणू धातूला चांगला चिकटून बसतो, घर्षण छान कमी करतो. पण १०० अंशाला सूर्यफूल तेल डिझेल गाडीच्या १५ डब्ल्यू ४० ऑइलच्या साधारण निम्म्यानेच घट्ट राहतं. तेही एकवेळ सोडा. खरा घोळ ऑक्सिजनचा. सूर्यफूल, सोयाबीन, करडई, यांच्या रेणूत दुहेरी बंध भरपूर, म्हणजे ऑक्सिजनला पकडायला सोप्या जागा. उष्णता, हवा आणि लोखंड-तांब्याचे कण मिळाले की हे रेणू एकमेकांना जोडले जातात, तेल आधी घट्ट, मग चिकट, मग लाखेसारखं. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅनच्या पात्यावर जो पिवळा चिकटा बसतो ना, जो साबणानेही निघत नाही, तोच. जवसाचं तेल रंगात घालतात ते याच गुणासाठी. इंजिनात चेंबरमध्ये, म्हणजे तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, ऑइल शंभरेक अंशावर असतं, पिस्टनच्या रिंगांपाशी २०० च्या वर. रिंगा चिकटणार, चेंबरमधली जाळी तुंबणार, प्रेशर पडणार, बेअरिंग जाणार, इंजिन जाम.

शिवाय मोटर ऑइल म्हणजे नुसतं तेल नव्हे. त्यात काजळी धरून ठेवणारी, ॲसिड मारणारी, फेस न येऊ देणारी, झीज रोखणारी जस्ताची, अशी रसायनं असतात. ऑइल काळं पडलं की लोक फिटरला शिव्या देतात, अहो, ते काजळी पोटात घेतंय, त्याचं कामच करतंय! खाण्याच्या तेलात यातलं काही नाही, वर पाणी आणि उष्णता मिळाली की ते स्वतःच आम्ल सोडतं. खोबरेल बरंच टिकतं, दुहेरी बंध कमी, पण महाबळेश्वरला डिसेंबरच्या पहाटे ते चेंबरमध्ये गोठून बसेल, पंप ओढणार काय?

घाटात ऑइल गळालं, लाल दिवा लागला, तर? आधी इंजिन बंद करा, गाडी ओढून न्या. जवळ ढाबा आहे आणि दुसरा इलाजच नाही, तर कोरड्यापेक्षा तेल बरं, पण हळू, जवळच्या गॅरेजपर्यंतच, आणि तिथे पोचल्यावर लाजू नका, काय ओतलंय ते फिटरला खरं सांगा, म्हणजे तो सगळं काढून चेंबर धुऊन फिल्टर बदलेल. बहुतेक जण "काही नाही, थोडं टॉप-अप केलं" म्हणतात आणि आम्ही भज्यांचा वास घेत उभे राहतो. हं, प्रश्न विचारा, पाच मिनिटं आहेत म्हणे.