पोलीस सेवेची वर्षे आणि स्पर्धा परीक्षेचे गुण

श्रोतेहो, नमस्कार.

पोलीस दलात सात-आठ वर्षे काढलेला एखादा अंमलदार स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला बसतो, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न बहुधा अभ्यासक्रमाविषयी नसतो. इतक्या रात्रपाळ्या केल्या, इतके बंदोबस्त केले, पंचनामे लिहिले, समन्स-वॉरंटे बजावली, त्याचे परीक्षेत काही धरतात का, असे तो विचारतो. गुणांपुरते बोलायचे तर काहीही धरत नाहीत. मात्र ही सेवा गुणांखेरीज कुठे मोजली जाते आणि कुठे मोजली जायला हवी, हे समजून घेण्याजोगे आहे.

आधी केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा पाहू. मुख्य परीक्षेचे 1750 आणि मुलाखतीचे 275, असे एकूण 2025 गुण, आणि त्यांत पूर्वीच्या कोणत्याही नोकरीसाठी राखून ठेवलेला एकही गुण नाही. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा 32 वर्षे आणि संधी सहा. इतर मागास वर्गाला 35 वर्षे आणि नऊ संधी. किमान पाच वर्षे लष्करी सेवा केलेल्या माजी सैनिकाला वयात पाच वर्षांपर्यंत सूट मिळते, पोलिसाला मात्र ती मिळत नाही. पुष्कळ पोलिसांना हे खटकते आणि त्यांच्या मनात ते का सलत असावे, हेही कळते. तरीही या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, असे माझे मत आहे. जवान ऐन उमेदीत सैन्यातून बाहेर पडतो आणि त्याला दुसरी नोकरी शोधावी लागते. वयाची सूट ही त्याच्या पुनर्वसनाची सोय आहे. पोलीस अंमलदाराची नोकरी मात्र चालू असते, आणि महाराष्ट्रात ती वयाच्या 58 व्या वर्षापर्यंत चालते. अमेरिकेत संघराज्याच्या नोकरभरतीत माजी सैनिकांच्या गुणांत 5 किंवा 10 गुणांची भर घालण्याची पद्धत 1944 च्या कायद्याने पक्की झाली, पण तेथेही त्यामागचा विचार सैनिकांचाच होता. आपल्याकडे एकेका गुणावर कितीतरी नावे अडकलेली असतात. तेथे सेवेचे आयते गुण वाटणे मला तरी रास्त वाटत नाही.

मग पोलिसाच्या अनुभवाला जागा कुठे आहे? महाराष्ट्रात ती पोलीस उपनिरीक्षकाच्या पदावर आहे, निदान नियमांत तरी तशी करून ठेवलेली होती. 1995 च्या सेवाप्रवेश नियमांनी या पदाच्या जागा तीन वाटांनी भरायचे ठरविले: निम्म्या सरळसेवेने, म्हणजे थेट भरतीने, पाव ज्येष्ठतेनुसार पदोन्नतीने आणि उरलेल्या पाव मर्यादित विभागीय स्पर्धा परीक्षेने. या तिसऱ्या वाटेला पोलीस ठाण्यांत नुसते ‘डिपार्टमेंटल’ म्हणतात. तिच्या पात्रतेची अट मुळातून वाचण्यासारखी आहे. पदवीधराला चार वर्षांची नियमित सेवा पुरते, बारावी उत्तीर्ण असणाऱ्याला पाच वर्षांची आणि दहावी उत्तीर्ण असणाऱ्याला सहा वर्षांची. म्हणजे सरळसेवेत जे दार पदवीशिवाय उघडत नाही, ते येथे ठाण्यात घालविलेल्या वर्षांनी उघडते. सेवेची किंमत करायची तर ती अशी करावी. आत आल्यावर पेपर सर्वांना सारखाच असतो आणि निवड लेखी व शारीरिक चाचणीच्या गुणांवरच होते.

दुर्दैवाने ही वाट सलग चालू राहिली नाही. 2016 आणि 2017 साली महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने या परीक्षा घेतल्या आणि त्यानंतर कित्येक वर्षे ती परीक्षा झालीच नाही. 2016 च्या परीक्षेतून निवडल्या गेलेल्या आणि नाशिकच्या महाराष्ट्र पोलीस अकादमीत प्रशिक्षण पूर्ण केलेल्या 154 जणांना ऑक्टोबर 2018 मध्ये मूळ पदावर परत पाठविण्याचा आदेश निघाला. खांद्यावर दोन तारे लागण्याच्या क्षणीच पुन्हा अंमलदार म्हणून ठाण्यात हजर होण्याची वेळ आली. वाद पदोन्नतीतील आरक्षणाचा होता, आणि त्याच्या बुडाशी असलेला प्रश्न आपल्या विषयाशी थेट जोडलेला आहे: खात्यातल्याच माणसाने स्पर्धा परीक्षा देऊन मिळविलेले पद ही पदोन्नती मानायची, की ही एक स्वतंत्र निवड आहे? अनुभवाला मान देणारी वाट आखायची आणि ती नेमकी कोणत्या सदरात मोडते हे संदिग्ध ठेवायचे, याचा भुर्दंड मात्र अभ्यास करून उत्तीर्ण झालेल्यांना पडतो.

परीक्षा बंद राहिली, की नुकसान कोणाचे होते, तेही पाहा. उपनिरीक्षकाच्या सरळसेवेला वयाची मर्यादा खुल्या प्रवर्गासाठी 31 आणि मागास प्रवर्गासाठी 34 वर्षे आहे. पंचविशीत भरती झालेला शिपाई प्रशिक्षण, पहिली नेमणूक, संसार यांतून मान वर काढीपर्यंत ही मर्यादा ओलांडून जातो. विभागीय परीक्षेत वयाची अट सैल होती, ती त्याच्यासाठीच. ती नसेल तर ज्येष्ठता यादीत आपले नाव वर सरकण्याची वाट पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काही उरत नाही.

भरतीच्या खालच्या पायरीवर असाच एक विचार दिसतो, त्याचा ओझरता उल्लेख करतो. राज्याच्या पोलीस शिपाई भरतीत तीन वर्षे, म्हणजे 1095 दिवस, सेवा झालेल्या गृहरक्षकांसाठी (होमगार्ड) पाच टक्के समांतर आरक्षण आहे, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच त्यांचा वाटा राखलेला असतो. तेथेही गुण वाढवून दिले जात नाहीत, स्पर्धा आपापसांत होते.

आता उमेदवाराच्या स्वतःच्या हातातला भाग. नागरी सेवा मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर नीतिशास्त्राचा, 250 गुणांचा आहे आणि त्यातील जवळपास निम्मे गुण प्रसंग देऊन निर्णय विचारणाऱ्या प्रश्नांना आहेत. तिसऱ्या पेपरात अंतर्गत सुरक्षा आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाली आहे. येथे पोलिसाने आघाडी घ्यावी अशी आपली अपेक्षा असते, पण तो बरेचदा मागे पडतो, कारण ठाण्यातली सवय उत्तरात उतरते: ‘वरिष्ठांना कळवीन व आदेशानुसार कार्यवाही करीन’ असे लिहून तो थांबतो. खात्यात हे वाक्य बरोबर आहे. उत्तरपत्रिकेत मात्र त्याने काहीच ठरविलेले दिसत नाही. तोच माणूस घटनास्थळी पंचनामा करताना किती निर्णय घेतो, ते आठवावे: पंच कोणाला बोलवायचे, चतुःसीमा कशी नोंदवायची, कोणती वस्तू आधी सीलबंद करायची, रडणाऱ्या नातेवाइकांना किती अंतरावर थांबवायचे आणि त्यांच्याशी कोणत्या शब्दांत बोलायचे. हे कारणासह लिहिता आले, की सेवेची वर्षे गुणांत दिसू लागतात. मुलाखतीतही अर्जात लिहिलेल्या नोकरीवर प्रश्न येतात आणि तेथे पाठ केलेली उत्तरे चालत नाहीत.

अनुभव जुनाही होतो, याचेही भान ठेवावे लागते. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. ज्याच्या जिभेवर जुन्या भारतीय दंड संहितेतली 302 आणि 420 ही कलमे बसली आहेत, त्याला खुनासाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 103 आणि फसवणुकीसाठी कलम 318 नव्याने बसवावे लागते. नव्याने अभ्यासाला लागलेल्या विद्यार्थ्याला निदान जुने पुसण्याचा त्रास नाही.

दिल्ली पोलिसांतील फिरोज आलम हे शिपाई पदावरून सुरुवात करून नागरी सेवा परीक्षा 2019 मध्ये 645 व्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, तर त्याच दलातील हवालदार राम भजन कुमार 2022 च्या परीक्षेत 667 व्या क्रमांकाने. दोघांना सेवेचे म्हणून वेगळे गुण मिळाले नव्हते.

शेवटी रजेविषयी. सरकारी नोकराने परीक्षेचा अर्ज केल्याचे कार्यालयप्रमुखांना लेखी कळवावे लागते आणि कार्यालयाने परवानगी नाकारल्याचे आयोगाला कळविले, तर उमेदवारी रद्द होऊ शकते. त्यामुळे त्या पत्राची पोच घेऊन ती जपून ठेवावी. अडचण पुढे येते. 2023 साली नागरी सेवा मुख्य परीक्षा 15 सप्टेंबरला सुरू झाली आणि 19 सप्टेंबरला गणेश चतुर्थी होती. 2025 साली परीक्षा 22 ऑगस्टला सुरू झाली, चतुर्थी 27 तारखेला. महाराष्ट्रात गणेशोत्सवाचा बंदोबस्त म्हणजे पोलिसांच्या रजा बंद. पूर्वपरीक्षा उत्तीर्ण झालेला अंमलदार मंडपाबाहेर उभा आणि त्याच आठवड्यात त्याचे पेपर, अशी ही गाठ पडते. अशा मोजक्या लोकांना पेपरच्या दिवसांपुरते बंदोबस्तातून मोकळे ठेवायला नियमांत मोठा बदल लागत नाही. घटकप्रमुखांचा, म्हणजे पोलीस अधीक्षकांचा किंवा आयुक्तांचा, एक लेखी आदेश पुरतो. पूर्वपरीक्षेचा निकाल लागताच, वेळापत्रक जोडून, हा अर्ज उमेदवाराने करावा. बंदोबस्ताची यादी निघण्याची वाट पाहू नये.

नमस्कार.