भाऊंची काडी

मंडळी, भाऊंबद्दल बोलायचं तर आधी कबुली देतो. भाऊ व्हायोलिन काही फार चांगलं वाजवत नसत. हसताय, म्हणजे तुम्हालाही ठाऊक आहे! यमन बरा, भूप बरा. द्रुत लयीत शिरले की तारांवर फिरवायचा गज घसरलाच. "माझं वाजवणं घरच्यांपुरतं," असं तेच म्हणायचे, आणि घरचे दारं लावून घेतात हेही तेच सांगायचे.

पण आज दादरच्या या हॉलमध्ये जेवढी व्हायोलिनं आहेत, त्यातलं दुरुस्तीसाठी त्यांच्या हाताखालून न गेलेलं एखादंच असेल.

रेल्वेत फिटर होते. तरुणपणी एका गोवेकर मास्तरांकडे उभं राहून, हनुवटीखाली धरून शिकले. व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे संगीतकार प्यारेलालजी शिकले ते याच शहरात, तेव्हा तशी शिकवणी मिळणं अवघड नव्हतं. मग कधीतरी व्हायोलिनवादक पं. डी. के. दातारांचं गायकी अंगाचं, म्हणजे गळ्यातून गावं तसं वादन ऐकलं आणि भाऊंनी खाली मांडी घातली, व्हायोलिनचं डोकं उजव्या पावलावर टेकवलं. घरात दोन वाद्यं असत, एक पाश्चात्त्य पद्धतीनं जी-डी-ए-ईमध्ये लावलेलं, दुसरं आपल्या पद्धतीनं प-सा-प-सामध्ये. 'सा' कुठल्या पट्टीत घ्यावा यावर आम्ही तासन्‌तास वाद घालायचो. भाऊंचं उत्तर ठरलेलं, "तार जिथं तुटत नाही, तिथं."

माझं व्हायोलिन त्यांच्याकडे गेलं ते एका दुकानातून दुरुस्त होऊन आल्यावर. आवाज पार बसलेला. भाऊंनी एक नजर टाकली. "घोडी उलटी बसवलीय." घोडी म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती लाकडी पट्टी. तिची कमान बारीक तारेकडे उतरती असते, माझी तिकडेच चढलेली. ती फिरवली, तरी आवाज मोकळा होईना. मग दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला चिमुकला आरसा वरच्या फळीतल्या एफच्या आकाराच्या छिद्रातून आत सरकवला. आत साउंडपोस्ट असतो, जेमतेम सहा मिलिमीटर जाडीची स्प्रूसची काडी, घोडीच्या बारीक तारेकडच्या पायाच्या जरा मागे. तिला सरस नाही, खिळा नाही. वरच्या आणि खालच्या फळीच्या दाबावर उभी. इटालियनमध्ये तिला 'आनिमा' म्हणतात, म्हणजे आत्मा, असं मी ज्ञान पाजळलं. "आत्मा कसला, तिरकी झालीय," भाऊ म्हणाले.

वाकड्या सळईनं ते तिला हलवत होते. नखाएवढं. वाजव म्हणायचे, डोळे मिटून ऐकायचे, पुन्हा नखाएवढं. दोन तास गेले. काकू चहा दोनदा गरम करून गेल्या. पैसे? छे. पावसाळ्यात तारा ताणायच्या खुंट्या फुगून अडकल्या की साबणाची सुकी वडी चोळून द्यायचे, हिवाळ्यात सैल झाल्या की खडू. त्याचेही नाहीत. याबद्दल आम्ही त्यांचे कधी नीट आभारसुद्धा मानले नाहीत, हे आज बोलायला हवं.

त्यांनी निक्षून सांगितलं होतं, तारा बदलताना एकेकच काढायची. सगळ्या एकदम काढल्या की दाब जातो आणि काडी पडते.

भाऊ गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात मी तारा बदलायला बसलो. त्या दिवशी पाऊस होता, खुंटी फिरेना, साबण शोधायला उठलो. पहिली काढली, नवी चढवली, सुरात आणली. मगच दुसरीला हात लावला. चार तारांना संध्याकाळ झाली.