अभिनय सोडून डॉक्टर व्हायचं असेल तर

(अंबाजोगाईत नाट्यशास्त्र आणि विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मित्रहो, डॉक्टरकी मागे ठेवून रंगभूमीवर आलेली नावं मराठी माणसाला सहज आठवतात. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, डॉ. काशिनाथ घाणेकर दंतवैद्य होते. डॉ. मोहन आगाशे यांनी मनोविकारशास्त्र आणि अभिनय दोन्ही सांभाळलं. उलट्या वाटेने गेलेला माणूस मात्र शोधावा लागतो. अमेरिकेत पीटर ऑस्ट्रम हा १९७१ च्या एका गाजलेल्या चित्रपटाचा बालनायक होता. त्याने पुढच्या चित्रपटांचा करार नाकारला आणि १९८४ साली कॉर्नेल विद्यापीठातून पशुवैद्यकाची पदवी घेतली. नंतर तो गाई-घोड्यांवर उपचार करत राहिला. दूरचित्रवाणी मालिकांतली जेनिफर स्टोन २०२० मध्ये नर्स म्हणून रुजू झाली.

हा फरक धाडसाचा नाही. नाटकात गेलेल्या डॉक्टरची पदवी कुठे जात नाही. नटाच्या गाजलेल्या भूमिकेचा मात्र प्रवेश परीक्षेत एक गुणही मिळत नाही. त्याला पहिल्या पायरीपासून चढावं लागतं, म्हणून आधी हिशोब मांडू.

चोविसाव्या वर्षी ठरवलं असं धरा. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीला किमान एक वर्ष, एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक. सरकारी महाविद्यालयातून शिकलात तर वर्षभराची बंधपत्रित, म्हणजे लेखी हमीनुसार सरकारला द्यायची सेवा, ती टाळली तर दहा लाखांचा दंड. पुढे एमडी किंवा एमएसची तीन वर्षं. म्हणजे वय पस्तिशीला टेकतं. वयाची वरची अट २०२२ मध्ये निघाली, त्यामुळे दार उघडं आहे. पण ही वर्षं घरच्यांसमोर कागदावर लिहून दाखवा. दर महिन्याचा खर्च कोण उचलणार, हे त्याच बैठकीत ठरू द्या. लातूरला रिपीटर बॅचमध्ये बसणाऱ्याला क्लासची फी, खोली आणि मेस असा तिहेरी खर्च असतो. मालिकेचे पैसे कधी हातात पडतील याचा भरवसा नसतो, म्हणून वर्षभराची रक्कम आधीच बाजूला काढलेली बरी.

कागदपत्रांत नटांची एक खास अडचण होते, ती नावाची. पडद्यावरचं नाव वेगळं, दहावीच्या गुणपत्रिकेवरचं वेगळं, आणि मधल्या काळात आधार किंवा बँक खातं पडद्यावरच्या नावाने करून घेतलेलं. प्रवेशाच्या पडताळणीत हे अडतं. नीटचा अर्ज दहावीच्या नावानेच भरा आणि बाकीची कागदं त्याला जुळवून घ्या. राजपत्रात नाव बदललेलं असेल तर त्याची प्रत जवळ ठेवा. शिक्षणात पडलेल्या खंडासाठी प्रतिज्ञापत्र लागतं. राज्य कोट्याच्या ८५ टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असावी आणि अधिवास प्रमाणपत्र हवं. २०२० मध्ये ७०:३० चं प्रादेशिक सूत्र, म्हणजे सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के बाकीच्यांना हा नियम, रद्द झाला, ही मराठवाड्याच्या मुलांसाठी फार मोठी गोष्ट होती. महाविद्यालयं आपल्याकडे मुळात कमी, आणि बाहेरच्या विभागातल्या जागांपैकी आपल्यापर्यंत पोचायच्या त्या फक्त तीस टक्क्यांतल्या. आता यादी राज्याची एकच असते.

बारावी कला शाखेतून झाली असेल तर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण व्हावे लागतात. बारावीनंतर अतिरिक्त विषय म्हणून केले तरी चालतात, ही मुभा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये दिली. ज्यांना एवढी वर्षं परवडणार नाहीत त्यांनी नर्सिंगचा विचार मोकळ्या मनाने करावा. जीएनएम हा नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे आणि त्याला कोणत्याही शाखेची बारावी चालते. तो दुय्यम पर्याय आहे असं मला अजिबात वाटत नाही.

आता अभ्यास. नटाला पाठांतर जमतं, आणि तो नेमका तिथेच फसतो. संवाद क्रमाने पाठ होतो. समोरच्याचं वाक्य आलं की आपलं आपोआप ओठावर येतं. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० गुण, त्यातले ९० प्रश्न एकट्या जीवशास्त्राचे, आणि कोणताही प्रश्न धड्याच्या मधूनच उचललेला असतो. धडा स्वगतासारखा पाठ केलेल्याला उत्तरापर्यंत पोचायला सुरुवातीपासून म्हणत यावं लागतं. तेवढा वेळ नसतो, आणि घाईत चुकलं तर एक गुण वजा. यावर उपाय असा: एनसीईआरटीचं प्रकरण वाचून झालं की पुस्तक मिटा, कोऱ्या कागदावर आकृती काढा आणि नावं शेवटाकडून भरत या. दुसऱ्या दिवशी तीन वेगवेगळ्या प्रकरणांतले प्रश्न मिसळून सोडवा. भौतिकशास्त्राचं गणित नुसतं वाचून समजल्यासारखं वाटतं. ते रोज हाताने सोडवल्याशिवाय येत नाही.

प्रवेशानंतर सर्वांत जास्त नुकसान हजेरीमुळे होतं. थिअरीला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला ८० टक्के हजेरी लागते. ‘महिन्यातून आठ-दहा दिवस शूटिंग करीन’ हा बेत डिसेक्शन हॉलमध्ये मोडतो. शरीररचनाशास्त्रात एकदा हुकलेलं विच्छेदन पुन्हा मिळत नाही. पहिल्या वर्षासाठी एकूण चारच संधी असतात आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत संपवावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षात एकही काम घेऊ नका, सुट्टीतलं नाटकसुद्धा नको.

अभिनयाचा खरा उपयोग सुरू होतो तो वॉर्डात. आपल्याकडचा पेशंट ‘छाती दुखते’ एवढ्यावर थांबत नाही. तो म्हणतो, “कळ निघालीया, डाव्या हाताला मुंग्या येत्यात.” स्वर, थांबणं, हात कुठे ठेवला हे टिपायची सवय नटाला असते. पक्षाघाताचा माणूस पाय अर्धवर्तुळात फिरवत टाकतो आणि त्याचा हात कोपरात वाकलेला राहतो. गुडघा दुखणारा त्या पायावर कमीत कमी वेळ टेकतो. नट ही चाल हुबेहूब उतरवू शकतो. डॉक्टरला ती कशामुळे झाली तेही सांगता यावं लागतं. सावध राहायचं ते दुसऱ्या सवयीपासून. वाईट बातमी सांगताना चेहऱ्यावर भाव आणायचा मोह होतो. नातेवाईक ते लगेच ओळखतात. खाली बसावं, आजाराचं नाव साध्या शब्दांत एकदा सांगावं आणि गप्प राहावं. ती शांतता भरून काढायला बोलू नये.

एक रस्ता असाही आहे, ज्यात अभिनय सोडावाच लागत नाही. १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी चित्रकारांसाठी मॉडेलचं काम करणाऱ्या एका बाईला रुग्णाची भूमिका करायला तयार केलं आणि विद्यार्थ्यांना तिला तपासायला लावलं. अशा प्रशिक्षित रुग्णांवर आज जगभर परीक्षा होतात. आपल्या एमबीबीएसमध्येही २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा भाग आहे. मराठवाड्यात नाट्यशास्त्र विभाग आहे, वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तेव्हा त्यांनी हे मिळून करावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. नटासाठी एक-दोन पानांचं टिपण पुरेल: वय, काम, मुख्य तक्रार, ती कधीपासून, आणि विचारल्याशिवाय सांगायची नाही अशी एखादी गोष्ट, उदाहरणार्थ तंबाखू. प्रत्येक विद्यार्थ्याला तेच उत्तर, तेवढ्याच शब्दांत. बिघडतं ते नटाने रंगात येऊन नवं लक्षण जोडलं की. मग विसाव्या विद्यार्थ्यापुढे पहिल्याहून वेगळाच आजार उभा राहतो आणि गुणांची तुलना करता येत नाही. म्हणून तालमीच्या वेळी दोन वेगळ्या परीक्षकांनी त्याच नटाला तपासावं आणि दोघांची टिपणं ताडून बघावीत.