वटवाघळाच्या रक्तातला जिवाणू

नमस्कार श्रोतेहो.

वटवाघूळ म्हटलं की हल्ली आपल्याला विषाणूच आठवतात. त्याला कारणही आहे. महाबळेश्वरच्या गुहेत २०२० साली पकडलेल्या वटवाघळांमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला, निपाह विषाणूच्या खुणा सापडल्या होत्या. जिवाणूंची चर्चा मात्र फारशी होत नाही. म्हणून आज फिनलंडमधल्या एका शोधाविषयी बोलतो.

तिथले संशोधक डॉबेंटन नावाच्या छोट्या वटवाघळाच्या विष्ठेतले जिवाणू तपासत होते. तळ्याच्या पाण्यालगत उडत किडे टिपणारं हे वटवाघूळ. विष्ठेत अचानक बार्टोनेला या जिवाणूचा डीएनए निघाला. आता, बार्टोनेलाचं घर म्हणजे तांबड्या रक्तपेशी. पिसवा, रक्त पिणाऱ्या माश्या असे अंगावरचे परजीवी त्याला एका प्राण्याकडून दुसऱ्याकडे नेतात. मग तो विष्ठेत कसा? वटवाघूळ अंग चाटून साफ करतं, तेव्हा असा एखादा परजीवी पोटात जाऊ शकतो. म्हणजे नुसत्या विष्ठेवरून रक्ताबद्दल काहीच ठामपणे सांगता येत नव्हतं.

तेव्हा त्यांनी रक्तच तपासलं. पीसीआर चाचणी झटपट होते, पण ती मेलेल्या जिवाणूचा डीएनएही दाखवते. जिवाणू जिवंत आहे हे सिद्ध करायचं तर तो प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवावा लागतो. ई. कोलायसारखा नेहमीचा जिवाणू रात्रीत वाढतो. बार्टोनेला कित्येक दिवस, कधी कधी आठवडे घेतो. या सगळ्या कामात ही वाट बघणं मला सर्वांत मोलाचं वाटतं.

बशीत दोन जाती वाढल्या. एक अगदी नवी, तिला नाव मिळालं बार्टोनेला नानतालिएन्सिस. दुसरी होती बार्टोनेला मायोटिमोनेन्सिस, आणि इथे खरी दखल घ्यायला हवी. कारण हीच जात त्याआधी अमेरिकेतल्या एका रुग्णाच्या हृदयाच्या झडपेत सापडली होती. झडपेला संसर्ग झाला होता. फिनलंडचा हा शोध २०१४ साली प्रसिद्ध झाला.

त्या रुग्णाला वटवाघळानंच आजार दिला, असं यातून सिद्ध होत नाही. जिवाणू निसर्गात कुठे मुक्काम करतो, एवढं कळलं. पण पुढच्या वेळी हृदयाच्या झडपेच्या संसर्गात नेहमीच्या तपासणीत काहीच उगवलं नाही, तर डॉक्टरांना कुठे शोधायचं याची दिशा मिळाली.

आपल्याकडे कुणी गुहेत धूर करून वटवाघळं हाकलत असेल, तर कृपया थांबवा; बिथरलेली वटवाघळं पांगतात आणि नवीन जागी वस्ती करतात. जमिनीवर पडलेलं वटवाघूळ दिसलं, तर उघड्या हातानं उचलू नका, वनखात्याला कळवा.