टॉमी जॅरेलचं फिडल

नमस्कार मंडळी! आज मला टॉमी जॅरेल या फिडलवाल्याबद्दल बोलायचंय. फिडल म्हणजे वाद्य आपलं व्हायोलिनच, वाजवायची तऱ्हा तेवढी गावाकडची. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात, व्हर्जिनियाच्या हद्दीजवळ माउंट एअरी नावाचं गाव आहे, तिथून जवळच राउंड पीक म्हणून भाग आहे, तिकडचे हे, जन्म १९०१ चा. वडील बेन जॅरेल फिडल वाजवायचे, १९२७ मध्ये त्यांच्या रेकॉर्डीसुद्धा निघाल्या. टॉमी आधी बँजो शिकले, म्हणजे गोल, कातडं ताणलेल्या तोंडाचं बोटांनी छेडायचं तारांचं वाद्य, तोही घरी शेतावर कामाला असलेल्या गड्याकडून, आणि मग तेरा-चौदाव्या वर्षी फिडल हातात घेतलं. काही चाली तर त्यांनी सिव्हिल वॉरमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या १८६० च्या दशकातल्या यादवी युद्धात लढलेल्या म्हाताऱ्यांकडून उचलल्या, सगळं कानाने!

पण पोटासाठी नोकरी. राज्याच्या हायवे खात्यात चाळीसेक वर्षं रस्ते सपाट करायचं ग्रेडर मशीन चालवलं, संसार सांभाळला, आणि फिडल बरंच मागे पडलं. १९६६ ला रिटायर झाले, पुढच्याच वर्षी बायको नीना गेली. घर रिकामं झालं, तेव्हा त्यांनी फिडल पुन्हा मनापासून धरलं. त्या सुमारास शहरातली कॉलेजची पोरं जुनं संगीत शोधत फिरत होती, ती टोस्ट नावाच्या वस्तीतल्या त्यांच्या घरी येऊ लागली आणि टॉमींनी कुणाला परत पाठवलं नाही, जेवूखाऊ घालायचे, राहा म्हणायचे, समोर बसवून वाजवून दाखवायचे.

आता वाजवण्याचं सांगते. व्हायोलिनच्या तारा खालून वर सा, प, रे, ध अशा अंतराने लावतात. टॉमी काही चालींसाठी खालच्या दोन तारा एकेक सूर वर चढवायचे, म्हणजे खालची जोडी वरच्या जोडीच्या बरोबर एक सप्तक खाली येते. मग चाल एका तारेवर चालू असताना शेजारची मोकळी तार तानपुऱ्यासारखी गुंजत राहते, आणि तेच बोट खालच्या तारांवर ठेवलं की तीच चाल खर्जात! पण खरी करामत उजव्या हाताची. गज असा झुलवायचे की सुरांसोबत ताल पण त्याच गजातून निघतो, नाचणाऱ्यांना वेगळा ढोल लागू नये इतका, आणि वर हे स्वतः गातायत.

१९८२ मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली, पारंपरिक कलाकारांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, तो द्यायला सुरुवात झाली त्याच वर्षी. १९८५ च्या जानेवारीत ते गेले. त्यांचं फिडल वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपण कलाकार मोजतो तो कार्यक्रमांवरून, मला मात्र टॉमींना घरी आलेल्या पोरांना दिलेल्या वेळावरून मोजावंसं वाटतं, कारण आज जगभर कितीतरी जण राउंड पीकच्या पद्धतीने वाजवतात ते त्या बैठकींमुळेच. आणि त्यांच्या माउंट एअरीत डब्ल्यूपीएक्यू म्हणून छोटं रेडिओ स्टेशन आहे, १९४८ पासूनचं, ते अजून तिथल्याच लोकांचं वादन ऐकवतं, हे मला रेडिओवाली म्हणून फार भारी वाटतं.

तर आता टॉमींनी वाजवलेली 'सॅली अ‍ॅन' ऐकूया. नाचाची चाल आहे, पहिल्यांदा नुसता गजाचा ठेका पकडा, सुरांकडे नंतर बघू.