चेंडू आणायचा कोणी आणि चाल ठरवायची कोणी

श्रोतेहो, नमस्कार.

बास्केटबॉलच्या मैदानावरील पाच जणांपैकी जो खेळाडू चेंडू आपल्या बाजूकडून पुढे नेतो, बाकीच्या चौघांची मांडणी लावून घेतो आणि कोणाला कधी पास द्यायचा हे ठरवतो, त्याला पॉइंट गार्ड म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू वेगळा असावा आणि त्याच्या हाती योग्य जागी, योग्य क्षणी चेंडू पोहोचवणे हे पॉइंट गार्डचे काम असावे, अशी या खेळातील जुनी वाटणी आहे. मात्र अधूनमधून एखादा प्रशिक्षक ही वाटणी मोडतो. चेंडू शेवटी ज्याच्याकडे जायचा आहे, त्याच्याच हाती तो पहिल्यापासून का देऊ नये, असा त्याचा सवाल असतो. हा सवाल रास्त आहे आणि त्याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून आज त्याचाच विचार करू.

याचे अलीकडच्या काळातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतील ह्यूस्टन रॉकेट्स हा संघ. २०१५-१६ च्या हंगामात या संघाने ४१ सामने जिंकले आणि ४१ गमावले. त्यांचा प्रमुख खेळाडू जेम्स हार्डन त्या वेळी शूटिंग गार्ड, म्हणजे मुख्यतः फटके मारून गुण मिळवणारा गार्ड, म्हणून खेळत असे आणि सामन्यामागे सरासरी २९ गुण मिळवत असे. २०१६ मध्ये माइक डॅन्टोनी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी हार्डनला सरळ पॉइंट गार्ड केले. पुढच्या हंगामात हार्डनची गुणांची सरासरी २९.१ राहिली, म्हणजे ती जवळपास बदललीच नाही. असिस्टची, म्हणजे ज्या पासवर सहकाऱ्याने लगेच गुण मिळवला अशा पासची सरासरी मात्र ७.५ वरून ११.२ वर गेली आणि त्या यादीत तो साऱ्या स्पर्धेत पहिला आला. संघाचे विजय ४१ वरून ५५ झाले. या यशात इतर गोष्टींचाही वाटा होता, कारण त्याच उन्हाळ्यात रायन अँडरसन आणि एरिक गॉर्डन हे दूरवरून नेम साधणारे दोघे संघात आले होते. तरीही डॅन्टोनींचा निर्णय अचूक ठरला, हे मान्य करायलाच हवे.

हा बदल का फळाला आला, हे समजून घेण्यासाठी त्या संघाची एखादी चाल जवळून पाहावी. हार्डन चेंडू घेऊन तीन गुणांच्या रेषेच्या वर, मधोमध उभा आहे. क्लिंट कपेला हा उंच सेंटर धावत येतो आणि हार्डनच्या बचावपटूच्या वाटेत आडवा उभा राहतो. यालाच खेळाडू स्क्रीन म्हणतात. हार्डन त्या आडोशाने एक पाऊल पुढे सरकताच चार शक्यता उघडतात. समोर जागा असेल तर तो थेट बास्केटपर्यंत घुसतो, बचावपटू मागे राहिला तर जागेवरूनच तीन गुणांचा फटका घेतो, कपेलाला रोखणारा खेळाडू हार्डनवर धावून आला तर बास्केटच्या वर चेंडू अलगद उडवतो आणि कपेला तो हवेतच झेलून आत टाकतो, आणि कोपऱ्यातला बचावपटू मदतीला आत सरकला तर चेंडू कोपऱ्यात मोकळ्या झालेल्या ट्रेव्हर अरिझा या सहकाऱ्याकडे किंवा गॉर्डनकडे जातो. यातले काय करायचे हे अर्ध्या सेकंदात ठरवावे लागते. चेंडू ज्याच्या हाती आहे त्याच्या फटक्याची प्रतिस्पर्ध्यांना खरी भीती असली, तरच उरलेले तिन्ही दरवाजे उघडतात. साधारण नेमबाज असलेला पॉइंट गार्ड तिथे उभा असता तर बचावपटू स्क्रीनच्या खालून, म्हणजे बास्केटकडच्या बाजूने, निघून गेले असते आणि चाल तिथेच विरली असती. उत्तम नेमबाजाला पॉइंट गार्ड करण्याच्या बाजूने याहून सबळ कारण मला माहीत नाही.

आता याची किंमत पाहू. त्याच हंगामात हार्डनच्या हातून ४६४ वेळा चेंडू गेला. एका हंगामात एवढे टर्नओव्हर एनबीएमध्ये तोवर कोणाच्याही नावावर नव्हते. प्लेऑफच्या, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांपैकी दुसऱ्या फेरीत सॅन अँटोनियो स्पर्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्याने ३३ गुण, १० रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर मिळवलेले चेंडू) आणि १० असिस्ट अशी कामगिरी केली, पण ९ वेळा चेंडू गमावला आणि जादा वेळेत गेलेला तो सामना रॉकेट्स हरले. दोनच दिवसांनी, ११ मे २०१७ रोजी, घरच्या मैदानावर त्याने ११ फटक्यांपैकी अवघे २ यशस्वी केले, एकूण १० गुण मिळवले, फाउलची मर्यादा ओलांडून तो बाहेर गेला आणि संघ ११४ विरुद्ध ७५ असा पराभूत झाला. विशेष म्हणजे स्पर्सचा सर्वोत्तम खेळाडू क्वाय लेनर्ड त्या दिवशी खेळतही नव्हता. त्या रात्रीवरून हार्डनच्या हिमतीविषयी पुष्कळ बरेवाईट बोलले गेले. मला ती टीका अन्यायाची वाटते. हंगामभर प्रत्येक चालीत चेंडू आणायचा, चाल ठरवायची, फटकाही मारायचा, आणि हे सारे करताना अंगावर सतत ताजा बचावपटू झेलायचा, असा भार वाहिल्यावर मे महिन्यात पाय जड झाले तर त्यात भित्रेपणा कसला?

हा भार मोजायचा असेल तर आणखी मागे, १९७२-७३ च्या हंगामात जावे लागते. कॅन्सस सिटी-ओमाहा किंग्जचा नेट आर्चिबाल्ड हा सहा फूट एक इंच उंचीचा खेळाडू त्या वर्षी सामन्यामागे ३४ गुण आणि ११.४ असिस्ट अशा सरासरीने दोन्ही याद्यांत पहिला आला. सामना ४८ मिनिटांचा असतो आणि तो सरासरी ४६ मिनिटे खेळत होता. एकट्या खेळाडूने एवढे केल्यावर संघ कुठे पोहोचला? किंग्जनी ३६ सामने जिंकले, ४६ गमावले आणि प्लेऑफही गाठली नाही. हाच आर्चिबाल्ड १९८१ मध्ये बॉस्टन सेल्टिक्सकडून विजेता ठरला, तेव्हा त्याची सरासरी १३.८ गुण आणि ७.७ असिस्ट अशी होती, कारण गुण मिळवायला शेजारी लॅरी बर्ड, रॉबर्ट पॅरिश आणि केव्हिन मॅकहेल होते. मधल्या काळातील दुखापतींनी त्याचा खेळ बदलला होता हेही खरे.

आणि मग मायकेल जॉर्डन. त्याची हकीकत मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यात सापडते. मार्च १९८९ मध्ये शिकागो बुल्सचे प्रशिक्षक डग कॉलिन्स यांनी जॉर्डनला पॉइंट गार्डच्या जागी आणले. त्यानंतर त्याने ११ सामन्यांत १० वेळा, त्यातही सलग ७ सामन्यांत, गुण, रिबाउंड आणि असिस्ट या तिन्हींत दोन आकडी मजल मारली. आकडे पाहणाऱ्याला वाटावे की यापुढे बोलण्यासारखे काही उरलेच नाही. पण त्या वर्षी पूर्व विभागाच्या अंतिम फेरीत डेट्रॉइट पिस्टन्सनी बुल्सना सहा सामन्यांत बाहेर काढले. चेंडू जॉर्डनकडेच राहणार हे डेट्रॉइटला माहीत होते, त्यामुळे दोघा-तिघांनी त्याच्याभोवती कोंडाळे करायचे आणि बाकीच्यांना नेम धरायला मोकळे सोडायचे, एवढे ठरवले की त्यांचे निम्मे काम होत असे.

कॉलिन्स गेले आणि फिल जॅक्सन आले. सहायक प्रशिक्षक टेक्स विंटर यांची त्रिकोणी मांडणीची पद्धत त्यांनी संघात रुजवली. तिच्यात चेंडू एका हाती फार वेळ राहत नाही. तो पुढे आणण्याचे काम बरेचदा स्कॉटी पिपेन करू लागला आणि जॉर्डनला चेंडू मिळू लागला तो बाजूला, बास्केटच्या जवळ, बचावपटूंची तोंडे दुसरीकडे वळलेली असताना. आता एक आकडा लक्षात घ्या. १९९१ च्या अंतिम फेरीत लॉस एंजेलिस लेकर्सविरुद्धच्या पाच सामन्यांत जॉर्डनची गुणांची सरासरी ३१.२ होती आणि असिस्टची ११.४. नावाला तो पॉइंट गार्ड नव्हता, तरी पॉइंट गार्डलाही हेवा वाटावा इतके पास त्याने दिले. पाचव्या सामन्याच्या अखेरच्या मिनिटांत लेकर्सचे बचावपटू त्याच्यावर धावून येत होते आणि मोकळा राहिलेला जॉन पॅक्सन त्याच्या पासवर नेम साधत होता. पॅक्सनने त्या दिवशी २० गुण मिळवले आणि बुल्सनी पहिले विजेतेपद पटकावले.

माझे म्हणणे हेच आहे, श्रोतेहो. पॉइंट गार्डच्या एका नावाखाली आपण दोन वेगळी कामे बांधून ठेवली आहेत. चेंडू पुढे आणणे हे एक काम आणि शेवटी कोणी काय करायचे हे ठरवणे हे दुसरे. दुसरे काम संघातील सर्वोत्तम नेमबाजाकडे जरूर असावे, कारण त्याच्या धाकानेच सहकारी मोकळे होतात. पहिले काम मात्र त्याच्या गळ्यात प्रत्येक वेळी घालू नये. चेंडू आठ सेकंदांत मध्यरेषेपलीकडे न्यावा लागतो आणि पूर्ण मैदानभर दाबून धरणाऱ्या बचावातून तो काढताना जे बळ खर्ची पडते, ते चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी शेवटच्या भागात, परत मिळत नाही.

ह्यूस्टनलाही हे उमगले असावे. जून २०१७ मध्ये त्यांनी ख्रिस पॉल हा जातिवंत पॉइंट गार्ड संघात आणला. एका चेंडूवर दोन धनी कसे नांदणार, अशी शंका तेव्हा सर्रास घेतली जात होती. डॅन्टोनींनी दोघांच्या विश्रांतीच्या वेळा अशा लावल्या की दोघांपैकी एक जण जवळजवळ सदैव मैदानावर असे. हार्डनचे असिस्ट ११.२ वरून ८.८ वर आले, टर्नओव्हर घटले, गुण ३०.४ वर गेले, तो हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाने ६५ सामने जिंकले. पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीत गोल्डन स्टेट वॉरियर्सविरुद्ध ते ३-२ असे पुढे होते, पण पाचव्या सामन्याच्या अखेरीस पॉलच्या मांडीचा स्नायू दुखावला. सहाव्या सामन्यात पहिल्या क्वार्टरअखेर १७ गुणांची आघाडी होती, सातव्यात मध्यंतराला ११ गुणांची होती आणि दोन्ही सामने हातचे गेले. सातव्या सामन्यात तीन गुणांचे २७ फटके सलग हुकले. नेम चुकण्यात नशिबाचाही भाग असतो, हे मी नाकारत नाही. पण दोन्ही वेळा आघाडी पूर्वार्धात मिळाली आणि उत्तरार्धात गेली, याचा संबंध मी थकलेल्या पायांशी जोडतो.

केवळ एक पॉइंट गार्ड विकत आणला की सारे सुरळीत होते, असेही नाही. फिनिक्स सन्सनी २०२३-२४ मध्ये डेव्हिन बुकर या आपल्या नेमबाजाकडे ते काम सोपवले, ४९ सामने जिंकले आणि पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ४-० अशी हार पत्करली. पुढच्या वर्षी त्यांनी टायस जोन्स हा नेटका पॉइंट गार्ड घेतला आणि विजय ३६ वर घसरले. बचाव ढिला असेल तर चेंडू कोणीही आणला तरी फरक पडत नाही.

आपल्याकडे नागपाड्याच्या मैदानांपासून पुण्या-नागपूरच्या महाविद्यालयांपर्यंत जे प्रशिक्षक हा खेळ शिकवतात, त्यांना खेळाडू विकत घेता येत नाहीत. हाताशी असलेल्या दहा-बारा मुलांतूनच संघ उभा करावा लागतो आणि त्यातला एक जण बाकीच्यांपेक्षा फार पुढे असला की चेंडू त्याच्याकडे देण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. त्यांना माझी विनंती आहे की सरावात दुसऱ्या एका मुलाला किंवा मुलीला, नेम साधारण असला तरी चालेल, दोन्ही हातांनी ड्रिबल करत दबावाखाली मध्यरेषा ओलांडायला पक्के शिकवावे. पहिले तीन क्वार्टर चेंडू त्याने आणावा आणि मध्यरेषेपलीकडे, धावत्या स्थितीत, तुमच्या सर्वोत्तम खेळाडूकडे द्यावा. शेवटची पाच मिनिटे आणि अटीतटीचा सामना असेल, तेव्हा मात्र चेंडू थेट त्या सर्वोत्तम खेळाडूच्या हाती द्यावा आणि बाजूने ओरडून त्याला चाल सांगत बसू नये.

नमस्कार.